फाईल मुलांची, नोंद आईची

‘कौन्सिलच्या नोंदींनुसार आईच्या मानसिक आरोग्याबाबत पूर्वी चिंता व्यक्त झालेली आहे.’

कॅफकॅसच्या पत्रातलं हे एक वाक्य. कॅफकॅस म्हणजे फॅमिली कोर्टाला मुलांच्या हिताबद्दल सल्ला देणारी सरकारी संस्था. इंग्लंडमध्ये नवराबायको वेगळे झाले आणि मुलांनी कुणाकडे किती दिवस राहायचं यावरून फॅमिली कोर्टात अर्ज गेला, की पहिल्या तारखेच्या आत कॅफकॅस पोलिसांकडे आणि स्थानिक कौन्सिलकडे चौकशी करते, दोघांशी फोनवर बोलते आणि कोर्टाला ‘सेफगार्डिंग लेटर’ पाठवते. पत्र छोटंसंच असतं. पण पहिल्या तारखेला कोर्टापुढे त्रयस्थानं लिहिलेला कागद म्हणजे बहुतेक वेळा तेवढाच. त्यामुळे त्यातल्या एकेका ओळीला भलतंच वजन येतं.

ज्यांच्याबद्दल ही ओळ होती त्या बाईंना नैराश्याचं निदान कधीही झालेलं नव्हतं. मनाच्या आजारासाठी एकही गोळी घेतलेली नव्हती. ‘ताई, मला कुणाशी भांडायचं नाहीये,’ त्या म्हणाल्या, ‘हे कुणी लिहिलं आणि कशावरून लिहिलं, तेवढं फक्त बघायचंय.’ मी वकील नाही. इथल्या मराठी कुटुंबांना कौन्सिल, शाळा, कोर्ट यांच्या कागदांत मदत करते. हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगं वाटलं, कारण आपल्याविषयीची माहिती मागताना लागणारे जवळजवळ सगळे खाचखळगे या एकाच फाईलीत लागले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुठून सुरू झालं

तीन वर्षांपूर्वी धाकटा शाळेत रिसेप्शनच्या, म्हणजे अगदी पहिल्या वर्गात होता. पीटीसाठी कपडे बदलताना त्याच्या दंडावर काळंनिळं दिसलं आणि शाळेनं कौन्सिलला कळवलं. मुलाला कुणी इजा करतंय का हे बघायला चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या कलम ४७ खाली चौकशी झाली. सोशल वर्कर घरी आल्या, दोन्ही मुलांशी एकेकटं बोलल्या, मुलाला डॉक्टरांनी तपासलं. खेळताना पडून लागलेलं होतं, आणि त्याची नोंद शाळेच्याच अपघातांच्या वहीत निघाली. त्यासोबत घरच्या परिस्थितीचं ‘असेसमेंट’ झालं. त्याला कामाचे जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. ते संपल्यावर ‘नो फर्दर ॲक्शन’, म्हणजे पुढे काही कारवाई नाही, असं पत्र आलं.

घरात त्याचा अर्थ ‘सुटलो एकदाचे’ असा घेतला गेला. केस बंद झाली म्हणजे कागदही गेले, हा समज आपल्या लोकांत सर्रास आहे. केस बंद होते तेव्हा काम थांबतं, नोंद जागेवर राहते. किती वर्षं ठेवायची याचं प्रत्येक कौन्सिलचं स्वतःचं मुदतपत्रक असतं. जी मुलं कौन्सिलच्या देखभालीत राहून गेली त्यांच्या फाईली तर सर्वसाधारणपणे मूल ७५ वर्षांचं होईपर्यंत सांभाळायच्या, असं नियमातच आहे. या बाईंची मुलं तशी कधी गेली नव्हती. तरी कॅफकॅसनं विचारल्यावर कौन्सिलमध्ये कुणीतरी स्क्रीनवरचा सारांश वाचला आणि त्यावरून उत्तर धाडलं.

पहिला अर्ज

माझ्याकडे येण्याआधीच बाईंनी जुन्या सोशल वर्करना ईमेल टाकला होता: ‘माझी सगळी फाईल मला द्या.’ कायद्यानं हा पूर्ण अर्ज झाला. यूके जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १५ खाली आपल्याविषयीची माहिती मागायला ठरावीक नमुना लागत नाही, कायद्याचं नाव घ्यावं लागत नाही, अमुकच अधिकाऱ्याला लिहा असंही नाही. तोंडी मागितली तरी चालते. २५ मे २०१८ पासून त्याला सहसा फीही पडत नाही. त्याआधी दहा पौंडांपर्यंत घेता यायची. उत्तर एका महिन्यात द्यायचं असतं. अर्जदार कोण याविषयी रास्त शंका असेल तर ओळखपत्र मागता येतं आणि मग महिना ते मिळाल्यापासून मोजतात.

कौन्सिलनं उलट लिहिलं की वेबसाइटवरचा फॉर्म भरा. फॉर्म सोयीसाठी असतो, सक्तीचा नसतो, तेव्हा महिना ईमेलच्या तारखेपासून धरायला हवा होता. ताणायचं की सोडायचं? सोडलं. ते दिवस जिंकून हाती काही लागणार नव्हतं, आणि ज्या विभागाकडून कागद काढून घ्यायचे त्याच्याशी पहिल्याच पत्रात वाकडं घेण्यात शहाणपण नव्हतं. फॉर्म भरला, मूळ ईमेलची तारीख मात्र त्यात लिहून ठेवली.

महिन्याच्या आत पीडीएफ आली. उघडली तर जेमतेम काही पानं: बाईंचा पत्ता, फोन, त्यांनाच पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, केस बंद झाल्याचं पत्र. बाई हिरमुसल्या. ‘एवढंच? मग ती ओळ कुठनं आली?’

असं का होतं ते कळलं की पुढचं सोपं जातं. सोशल केअरची फाईल मुलाच्या नावानं उघडते. लिक्विडलॉजिक, मोझॅक अशा ज्या प्रणाली कौन्सिलं वापरतात त्यांत प्रत्येक मुलाला आपला क्रमांक असतो आणि आई ही त्या मुलाला जोडलेली एक संबंधित व्यक्ती. आईच्या नावानं शोधलं की तिच्या स्वतःच्या खात्यावरची किरकोळ पानं येतात. तिच्याविषयी खरं महत्त्वाचं जे काही लिहिलेलं असतं ते लेकाच्या आणि लेकीच्या क्रमांकाखाली पडून असतं. कायद्याच्या नजरेत ती माहिती आईचीही आहे, कारण ती आईविषयी आहे. फाईलीवर नाव कुणाचं यानं फरक पडत नाही. पण शोधणाऱ्याला ते सांगावं लागतं. ‘सगळी फाईल द्या’ म्हणणारा अर्ज इथे फसतो. जी फाईल मुलांची आहे ती आईला सबंध मिळत नाही, आणि जी आईची आहे तिच्यात काही नसतं.

दुसरा अर्ज

दुसरं पत्र बाईंनीच लिहिलं, मी शेजारी बसले होते. त्यातला कामाचा भाग मराठीत असा होईल (त्यात येणारं ‘मॅश’ म्हणजे कौन्सिल, पोलीस, आरोग्य खातं यांची माणसं एकत्र बसून माहितीची देवाणघेवाण करतात ते केंद्र):

‘माझ्या दोन्ही मुलांच्या नोंदींत माझ्याविषयी जे लिहिलं आहे ते मला हवं आहे. मुलांविषयीची स्वतंत्र माहिती मी या अर्जात मागत नाही. कृपया पुढील ठिकाणी शोध घ्यावा: शाळेचा फोन आला त्या दिवशीची नोंद, मॅशनं इतर खात्यांकडून मागवलेली माहिती, स्ट्रॅटेजी मीटिंगचं इतिवृत्त, असेसमेंट, केस नोट्स, क्रोनोलॉजी, मॅनेजरच्या सुपरव्हिजनच्या नोंदी, केस बंद करतानाचा सारांश, आणि या वर्षी कॅफकॅसला पाठवलेलं उत्तर. जिथे माझं नाव नाही पण “आई”, “मम” किंवा माझी आद्याक्षरं आहेत, तेही यात धरावं. माझ्या मानसिक आरोग्याविषयीची माहिती कौन्सिलकडे कुठून आली आणि कौन्सिलनं ती कुणाकुणाला दिली, हेही कळवावं.’

यातली आद्याक्षरांची ओळ किरकोळ वाटेल, पण केस नोट्स घाईत टाइप झालेल्या असतात आणि त्यांत आईचं पूर्ण नाव क्वचितच येतं. नावानं शोधलं तर नेमकी तीच पानं निसटतात. शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कलम १५ नुसते कागद देत नाही. माहिती तुमच्याकडून घेतलेली नसेल तर तिच्या उगमाविषयी जे उपलब्ध असेल तेही सांगायला लावतं, आणि ती कुणाला दिली तेही. अर्ज करणारे बहुतेक जण कागद मागतात आणि हे मागायचं विसरतात.

मुलांची माहिती ‘मागत नाही’ असं लिहिण्यामागेही हिशेब होता. पालकाला मुलाच्या वतीनं अर्ज करता येतो, पण तो हक्क मुलाचा असतो, आणि समजतं झालेलं मूल तो स्वतः बजावू शकतं. थोरली तेरा वर्षांची. तिच्या वतीनं मागितलं असतं तर तिला विचारायला हवं होतं, आणि आईबापांची कोर्टात केस चालू असताना तेरा वर्षांच्या मुलीला ‘मला तुझी फाईल बघू देशील का’ हा प्रश्न घालणं मला पटलं नाही. दुसरं म्हणजे, दोन्ही मागण्या एकत्र केल्या की अर्ज फुगतो, आणि फुगलेला अर्ज लांबतो.

तरी लांबलाच. अर्ज गुंतागुंतीचा आहे म्हणून आणखी दोन महिने लागतील, असं कौन्सिलनं पहिल्या महिन्यातच कळवलं. कायदा तेवढी सवलत देतो, फक्त ते पहिल्या महिन्याच्या आत आणि कारण देऊन सांगावं लागतं. २०२५ च्या डेटा (यूज अँड ॲक्सेस) ॲक्टनं तर शोध ‘वाजवी आणि प्रमाणशीर’ असला की पुरे, असं कायद्यातच लिहून टाकलं आहे. म्हणजे कुठे शोधायचं ते अर्जदारानं बोट ठेवून दाखवणं आता जास्तच गरजेचं झालंय.

दरम्यान कोर्टाची पहिली तारीख येऊन गेली. कॅफकॅसच्या पत्रातली ती ओळ मान्य नाही आणि तिचा उगम शोधण्यासाठी अर्ज केला आहे, एवढंच बाईंनी कोर्टात सांगितलं. कोर्टानं चिल्ड्रन ॲक्टच्या कलम ७ खाली सविस्तर अहवाल मागवला आणि त्यामुळे हातात काही आठवडे आले. इथे एक खुलासा: चालू खटल्यात कौन्सिलचे कागद हवे असतील तर कोर्टाकडूनच तसा आदेश मागण्याचा मार्ग असतो. तो मार्ग वेगळा, हा वेगळा. कोर्टाच्या मार्गानं आलेला कागद समोरची बाजूही बघते. स्वतःविषयीच्या अर्जातून आलेला कागद आधी आपल्या एकट्याच्या हातात येतो, आणि तो कोर्टापुढे कसा ठेवायचा ते वकिलाला विचारून ठरवता येतं.

वाट बघताना बाईंना एकच धास्ती. ‘आता मी मागितलंय म्हटल्यावर ते बदलून टाकतील.’ तसं कुणी करत नाही अशी हमी मी देणार नाही, पण डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१८ च्या कलम १७३ खाली, मागितलेली माहिती मिळू नये म्हणून ती बदलणं, लपवणं किंवा नष्ट करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि या प्रणालींत कुणी कधी काय बदललं त्याचा माग राहतो.

हा हक्क आला कुठून

थोडं विषयांतर करते, कारण कौन्सिलच्या काउंटरवर ‘आम्ही देतोय हे उपकारच’ असा सूर अजूनही ऐकू येतो. ग्रॅहम गॅस्किन हा मुलगा लहानपणीच आई वारल्यानं लिव्हरपूल कौन्सिलच्या देखभालीत वाढला. मोठा झाल्यावर त्यानं आपली फाईल मागितली. तीत साडेतीनशेच्या वर नोंदी होत्या, लिहिणारे ४६ जण. कौन्सिलनं त्यांची संमती मागवली, १९ जणांनी दिली, आणि त्याच्या हाती ६५ कागद पडले. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि जुलै १९८९ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. लिहिणारा संमती देत नाही किंवा उत्तरच देत नाही, तेव्हा कागद द्यायचा की नाही हे ठरवणारा तटस्थ अधिकारी ब्रिटनमध्ये नव्हता, हे न्यायालयाला खटकलं. संमती नाही म्हणून विषय संपला, असं आज कौन्सिलला म्हणता येत नाही. संमतीशिवायही देणं रास्त आहे का, हे प्रत्येक वेळी तोलावं लागतं, आणि ते नीट तोललं का हे माहिती संरक्षणावर देखरेख ठेवणारी यंत्रणा (इन्फर्मेशन कमिशनर) किंवा कोर्ट तपासू शकतं. यामागे या निकालाची मोठी पुण्याई आहे.

काळे पट्टे

दुसरी पीडीएफ जाडजूड होती आणि निम्मी काळी. पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रत्येक काळा पट्टा म्हणजे लपवाछपवी वाटते. तसं नसतं. पट्टे वेगवेगळ्या कारणांचे असतात आणि प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी. आम्ही रंगीत पेन घेऊन बसलो.

सोशल वर्कर आणि त्यांच्या मॅनेजरची नावं सरसकट झाकली होती. हे चूक होतं. दुसऱ्या व्यक्तीची माहिती म्हणून ती झाकता येत नाहीत. कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसचं काम करताना ज्यांनी लिहिलं किंवा माहिती पुरवली, त्यांच्याबाबतीत उघड करणं रास्तच धरावं, असं २०१८ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. एक परिच्छेदाचं पत्र लिहिलं आणि नावं मोकळी झाली.

वकिलाशी झालेला एक ईमेलसंवाद पूर्ण काळा होता. कौन्सिल आणि तिचा वकील यांच्यातलं बोलणं कायद्यानं गोपनीय असतं. सोडून दिलं.

मग एक पान असं निघालं की शाळेच्या फोननंतर दोन आठवड्यांनी कुणीतरी कौन्सिलला फोन केला होता. तारीख दिसत होती, ‘कॉलरनं नाव न सांगण्याची विनंती केली’ हे दिसत होतं, बाकी सगळं काळं. बाईंची नजर त्या पानावरून हलेना. नणंद असेल? खालच्या मजल्यावरची? मैत्रीण? या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही आणि मिळू नये, असं माझं मत आहे. १९७७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे हेच आलं होतं. चौदा महिन्यांच्या मुलीला मारहाण होते, अशी खोटी तक्रार एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेकडे कुणीतरी केली. निरीक्षक दारात आल्यानं हादरलेल्या आईनं तक्रारदाराचं नाव मागितलं. लॉर्ड्सनी नकार दिला: नाव फुटतं हे कळलं तर उद्या खऱ्या अत्याचाराबद्दलही कुणी फोन उचलणार नाही. त्या आईवर अन्याय झाला, यात वाद नाही. तरी निकाल बरोबर होता. मी बाईंना म्हटलं, या पानावर वेळ घालवलात तर तुम्ही घरातल्या प्रत्येकावर संशय घ्याल आणि कॅफकॅसच्या पत्रातली ओळ आहे तिथेच राहील. त्यांना ते आवडलं नाही. पान उलटलं मात्र.

सगळ्यांत अवघड होतं थोरलीचं पान. सोशल वर्कर तिच्याशी शाळेत बोलल्या होत्या. वरती ‘मुलीचं म्हणणं’ असा मथळा, खाली अर्धं पान काळं, आणि मधूनच एक वाक्य मोकळं: ‘आई रागावते पण मारत नाही.’ आई म्हणून उरलेलं वाचावंसं वाटणारच. कायद्याची बाजू इथे खरोखर गुंतलेली आहे. मुलगी आईविषयी जे बोलली ती माहिती दोघींची. कौन्सिलला मुलीचा खासगीपणा आणि आईचा हक्क तोलावा लागतो. शिवाय ती माहिती दिल्यानं कुणाच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचून सोशल वर्कच्या कामाला बाधा येण्याचा संभव असेल, तर तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे ती रोखताही येते. कौन्सिलनं आईविषयीचं एक वाक्य दिलं, बाकी मुलीचं मुलीपाशी ठेवलं. मला हा तोल योग्य वाटला. दहा वर्षांची असताना मुलगी बंद खोलीत विश्वासानं बोलली. ते घरात आलं असतं तर पुढच्या वेळी कलम ७ च्या अधिकाऱ्याशी ती मोकळी बोलली असती का? बाईंनी बराच वेळ काही म्हटलं नाही, मग त्या पानावर रंगीत खूण न करता पुढे गेल्या.

एक सावधगिरी मध्येच सांगते. अशी पानं मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होतो. फॅमिली कोर्टात मुलांविषयी बंद दाराआड चाललेल्या खटल्याची माहिती अशी पसरवणं कोर्टाचा अवमान ठरू शकतं. वकिलाला दाखवा, ग्रुपला नाही.

ती ओळ

आता मुख्य मुद्दा. पानं तारखेच्या क्रमानं लावली तेव्हा ती ओळ कशी घडत गेली ते सरळ दिसलं.

सुरुवात हेल्थ व्हिजिटरच्या, म्हणजे बाळ-आईला भेटायला येणाऱ्या नर्सच्या नोंदीत. धाकटा तान्हा असताना, सहा ते आठ आठवड्यांच्या नेहमीच्या भेटीत, त्यांनी लिहिलं होतं: ‘आई थकलेली वाटते. झोप अपुरी. मूड विचारला, ठीक आहे म्हणाली. अशक्तपणासाठी जीपीला (फॅमिली डॉक्टरांना) भेटायला सुचवलं.’ एवढंच, आणि अक्षरशः खरं.

काही वर्षांनी शाळेचा फोन आला, तेव्हा मॅशनं माहिती मागवली. आरोग्य खात्याच्या उत्तरात आलं: ‘बाळंतपणानंतर आईचा मूड खालावलेला, जीपीकडे पाठवलं, औषध सुरू.’ ‘ठीक आहे म्हणाली’ गळलं. ‘अशक्तपणासाठी’ गळलं. औषध कसलं ते लिहिलं नाही.

असेसमेंटमध्ये हेच झालं: ‘आईला पूर्वी प्रसूतीपश्चात नैराश्य होतं, त्यावर औषधोपचार झाले.’ सोशल वर्करनी बाईंना याविषयी विचारल्याची नोंद केस नोट्समध्ये कुठेही नव्हती. केस बंद करतानाच्या सारांशात वाक्य आणखी आखडलं: ‘आईची मानसिक आरोग्याची पार्श्वभूमी.’ आणि कॅफकॅसला गेलेल्या उत्तरात तेवढंच उरलं, वाचणाऱ्याला काहीही वाटून घेता येईल असं.

बाईंनी जीपीच्या दवाखान्याकडूनही आपली नोंद मागवली होती, तोही याच कायद्याखालचा अर्ज. त्या महिन्यातली नोंद: रक्ततपासणी, हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या. नैराश्यासाठीचं औषध म्हणून जे फाईलीत फिरत होतं ते हे.

यात कुणी खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. प्रत्येकानं आधीच्या माणसाचं वाक्य थोडं आखडून पुढे दिलं. सोशल वर्करच्या टेबलावर किती केसेस असतात ते मी बघते. आयता मिळालेला परिच्छेद उचलून डकवला जातो. पण म्हणूनच अर्ज करणाऱ्यानं सगळ्यात जाड अहवालावर तुटून पडू नये. सगळ्यात जुना कागद शोधावा आणि तिथून पुढे एकेक पान ताडून बघावं. दुरुस्ती मागायला लागणारा पुरावा त्या दोन कागदांच्या मधल्या फटीत असतो.

दुरुस्ती

यूके जीडीपीआरच्याच कलम १६ खाली चुकीची माहिती दुरुस्त करून मागता येते. बाईंच्या मनात असेसमेंट पूर्ण बाद करून घ्यायचं होतं. ते झालं नसतं. सोशल वर्करचं मत हे मत म्हणून नोंदलेलं असेल तर ते पटत नाही म्हणून पुसलं जात नाही. त्या दिवशी त्यांचं ते मत होतं, ही नोंद अचूकच असते. ‘घरात ताण जाणवला’ हे मत. ‘नैराश्य होतं, औषधोपचार झाले’ हे वस्तुस्थितीचं विधान, आणि ते कागदानं खोडता येतं. म्हणून अर्ज दोनच वाक्यांपुरता ठेवला, हेल्थ व्हिजिटरची नोंद आणि जीपीचा कागद शेजारी शेजारी लावले.

पहिलं उत्तर नकाराचं आलं: असेसमेंट हा त्या वेळच्या माहितीवर आधारलेला व्यावसायिक दस्तऐवज आहे. आम्ही कौन्सिलच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरकडे गेलो आणि एकच प्रश्न विचारला: औषध नैराश्यावर होतं, याचा कौन्सिलकडे कुठला कागद आहे? तो नव्हता. मग मान्य झालं. मूळ असेसमेंट आहे तसं राहिलं, पण त्या परिच्छेदाला ‘ही माहिती चुकीची असल्याचं आढळलं’ अशी टीप जोडली गेली. सारांशातलं वाक्य बदललं. बाईंचं एक पानी निवेदन दोन्ही मुलांच्या फाईलीत वरती लागलं. पानं पूर्ण बदलण्यापेक्षा ही टीप बरी, असं माझं मत. कागद नुसता नाहीसा झाला असता तर कॅफकॅसकडे गेलेली ओळ अधांतरी राहिली असती. टीपेमुळे ती का चुकली तेही दिसतं.

इथेही नकारच आला असता तर पुढची पायरी इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयाकडे तक्रार ही होती. ते कौन्सिलला समज देऊ शकतं, भरपाई मिळवून देत नाही; भरपाईसाठी कोर्टात जावं लागतं. आणि सोशल वर्करनी केस कशी हाताळली याविषयी गाऱ्हाणं असेल तर त्याची कौन्सिलच्या तक्रार विभागातून लोकपालापर्यंत जाणारी वाट निराळी. दोन्ही गाऱ्हाणी एका पत्रात घातली की पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतं.

बहुतेक लोक दुरुस्ती झाली की थांबतात. त्याच कायद्याचं कलम १९ मात्र सांगतं की चुकीची माहिती ज्यांना ज्यांना दिली त्या प्रत्येकाला दुरुस्ती कळवायची जबाबदारी, अगदीच अशक्य किंवा अवाजवी त्रासाचं नसेल तर, माहिती देणाऱ्याची आहे. दुसऱ्या अर्जात ‘कुणाकुणाला दिली’ हे विचारलं होतं ते इथे कामी आलं. यादीत कॅफकॅस होतं आणि प्राथमिक शाळा होती. कॅफकॅसला कौन्सिलचं पत्र गेलं. कलम ७ च्या अहवालात आईच्या आरोग्याविषयी लिहिलं गेलं ते असं: पूर्वीची नोंद चुकीची होती, कौन्सिलनं ती दुरुस्त केली आहे, सध्या कोणतीही चिंता नाही. अहवालाचं बाकीचं म्हणणं बाईंच्या मनासारखं होतं असं नाही, पण तो वेगळा विषय.

हेल्थ व्हिजिटरची मूळ नोंद सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) ट्रस्टकडे आहे. तिथे दुरुस्तीचा अर्ज करायचा का, असं मी विचारलं. ‘नको,’ बाई म्हणाल्या, ‘थकले होतेच की तेव्हा.’

राहिली शाळा. प्राथमिक शाळेनं दुरुस्ती मिळाल्याचं कळवलं आणि धाकट्याच्या फाईलीला ती जोडली. थोरली मात्र मधल्या काळात सेकंडरीत गेली, आणि मूल शाळा बदलतं तेव्हा त्याची बालसंरक्षणाची फाईल नव्या शाळेकडे जाते, नव्या सत्राच्या पहिल्या पाच दिवसांत ती पोचावी असं मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे जुनं असेसमेंट टीपेशिवाय तिथे पोचलेलं असणार. सेकंडरीच्या सेफगार्डिंग प्रमुखांना द्यायच्या पत्राचा मसुदा बाईंनी काल पाठवला. त्यात मी एकच ओळ वाढवायला सांगितली: दुरुस्ती जोडल्याचं लेखी कळवावं, आणि हे थोरलीशी बोलायचं असेल तर आधी आम्हाला सांगावं.